ख्रिस्ती विद्यापीठातलं ऑनलाइन एमएसएन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांतून नोकरी सांभाळून करता येणाऱ्या एमएसएनबद्दल, म्हणजे मास्टर ऑफ सायन्स इन नर्सिंगबद्दल, आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. काही तिकडे नोकरी करणाऱ्या मराठी नर्सेसची आहेत, काही इथल्या सिस्टर्सची. धर्माचा प्रश्न बहुतेकींनी आधी विचारला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. पण पैसे आणि वर्षं वाया जातात ती सहसा दुसऱ्याच कारणांनी: मान्यता कुणाची, लायसन्स कुठल्या राज्याचं आणि क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे, तास कुठे करायचे. त्या उत्तरांना म्हणून जास्त जागा दिली आहे.

एडिसन, न्यू जर्सी : मी आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, बीएस्सी नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. आमच्या घरी गणपती बसतो. ख्रिस्ती विद्यापीठात प्रवेश घेताना श्रद्धेबद्दल काही लिहून द्यावं लागतं का? बायबलचे पेपर असतात का?

ताई, ‘ख्रिस्ती विद्यापीठ’ या दोन शब्दांचा अर्थ जागोजागी बदलतो. ॲरिझोनातल्या फिनिक्सचं ग्रँड कॅनियन १९४९ मध्ये बाप्टिस्ट कॉलेज म्हणून सुरू झालं. व्हर्जिनियात लिंचबर्गला असलेलं लिबर्टी १९७१ चं. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी ख्रिस्ती असावा अशी अट नाही, मात्र शिकवण ख्रिस्ती दृष्टीतून दिली जाते आणि ते लपवलेलं नसतं. कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं आहे. तिथे धर्मविषयक कोर्स अभ्यासक्रमाचाच भाग असतो आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. पुण्यात औंधच्या ॲडव्हेंटिस्टांच्या स्पायसर विद्यापीठाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही शनिवारची शांतता ओळखीची वाटेल. मार्क्वेट, क्रेटन, सेंट लुइस ही जेझुइट कॅथलिक विद्यापीठं. अशा ठिकाणी धर्म बहुतेक वेळा नीतिशास्त्राच्या पेपरातून भेटतो.

काही छोट्या संस्था मात्र विद्यार्थ्याकडूनही श्रद्धेचं निवेदन किंवा आचारसंहितेवर सही मागतात. म्हणून अर्ज करण्याआधी दोन कागद वाचा: विद्यार्थी पुस्तिका आणि त्या वर्षाचा कॅटलॉग. आचारसंहिता ऑनलाइन विद्यार्थ्यांनाही लागू आहे का, हे ॲडमिशन काउन्सेलरला ईमेलवर विचारा. फोनवर मिळालेलं ‘डोन्ट वरी’ नंतर उपयोगाला येत नाही.

प्रत्यक्ष अभ्यासात काय असतं? एमएसएनमध्ये बायबल पाठ करण्याचे पेपर सहसा नसतात. आरोग्यनीती, रुग्णाची आध्यात्मिक काळजी, सेवाभावी नेतृत्व अशा विषयांमध्ये ख्रिस्ती विचार येतो. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी तयार केलेली ‘फायका’ ही प्रश्नावली तुम्हाला हमखास भेटेल. श्रद्धा काय आहे, तिचं आयुष्यात महत्त्व किती, पाठीशी समाज कोणता आणि उपचारात त्याची दखल कशी घ्यायची, असे तिचे चार भाग. ती कोणत्याही धर्माच्या रुग्णाला लागू पडते.

मार्क जातात ते श्रद्धेमुळे नव्हे, लिहिण्याच्या पद्धतीमुळे. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असे दोन परिच्छेद लिहून वाचनातला एकही संदर्भ न देणं ही आपल्याकडच्या मुलींची नेहमीची चूक. मूल्यमापनाच्या तक्त्यात तीन गोष्टी पाहतात: दिलेल्या वाचनातली भूमिका नीट मांडली का, तिला पुरावा जोडला का आणि स्वतःच्या कामाशी सांधा जुळवला का. तुमची भूमिका वेगळी असली तरी चालते. आधी त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडा, मग ‘माझ्या परंपरेत याकडे असं पाहतात’ म्हणून पुढे जा. आपल्या लोकांची उदाहरणं इथे फार उपयोगी पडतात. अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णाच्या तोंडात घरच्यांना तुळशीपत्र आणि गंगाजल घालायचं आहे, आणि त्याला गिळता येत नाही म्हणून तोंडाने काहीही द्यायचं नाही अशी ऑर्डर आहे. पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका आणि कुटुंबाचं समाधान यांत नर्सने काय करायचं? ओलसर स्पंजने ओठ टिपणं, डॉक्टरांशी बोलून उपचाराचं ध्येय तपासणं, चार्टवर नोंद करणं. एवढ्या एका प्रसंगावर सहा पानांचा चांगला पेपर उभा राहतो.

ह्यूस्टन, टेक्सास : एका जाहिरातीत ‘ख्रिस्ती मूल्यांचं विद्यापीठ, नऊ महिन्यांत एमएसएन, क्लिनिकल नाही’ असं आहे. फी इतरांच्या निम्मी. घ्यावं का?

पुढच्या तीन ठिकाणी नाव सापडेपर्यंत एक डॉलरही भरू नका.

पहिलं, विद्यापीठाची मान्यता. अमेरिकी शिक्षण खात्याची ‘डापिप’ नावाची मोफत यादी आहे, तिथे संस्थेचं नाव आणि शहर घालून पाहा. ग्रँड कॅनियन आणि इंडियाना वेस्लियनला हायर लर्निंग कमिशनची मान्यता आहे, लिबर्टीला दक्षिणेकडच्या सॅक्स-सीओसीची. धार्मिक संस्थांना मान्यता देणाऱ्या ट्रॅक्स आणि एबीएचई या संस्थाही शिक्षण खात्याने मानलेल्या आहेत, त्यामुळे त्यांची नावं दिसली तर दचकू नका. पण तेवढ्यावर नर्सिंगचं काम भागत नाही.

दुसरं, नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची मान्यता. ती तीनच ठिकाणांहून येते: सीसीएनई, एसेन किंवा एनएलएनची (नॅशनल लीग फॉर नर्सिंगची) सीएनईए. इथे बारकाईने पाहा. बीएसएन (नर्सिंगची पहिली पदवी) मान्य असतं आणि एमएसएन नसतं, असं होऊ शकतं. ‘अर्ज केला आहे’ किंवा ‘कँडिडेट’ हा दर्जा म्हणजे मान्यता नव्हे. ही मान्यता नसेल तर नर्स प्रॅक्टिशनरच्या (रुग्ण तपासून औषधं लिहून देणाऱ्या प्रगत नर्सच्या) सर्टिफिकेशन परीक्षेला बसता येत नाही आणि पुढे डीएनपीला, म्हणजे नर्सिंगच्या डॉक्टरेटला, प्रवेश घेताना दारं बंद होतात.

तिसरं, तुमच्या राज्याचं नर्सिंग बोर्ड. त्याबद्दल पुढच्या उत्तरांत.

‘क्लिनिकल नाही’ हीच मुळात धोक्याची खूण आहे. एज्युकेशन किंवा लीडरशिप शाखेतही प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष सरावाचा भाग, असतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगच्या २०२१ च्या निकषांत पदव्युत्तर पातळीला किमान ५०० तासांचा प्रत्यक्ष सराव धरला आहे.

आता ख्रिस्ती या शब्दाबद्दल. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत धार्मिक पदव्या देणाऱ्या संस्थांना राज्याच्या परवान्यातून सूट मिळते, पण पदवीच्या नावातच धार्मिक शब्द असावा लागतो. नर्सिंगची पदवी त्या सुटीत बसत नाही. आणि पवित्र नाव ही काही मान्यता नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ जाहीर केलं. फ्लोरिडातल्या तीन शाळांच्या नावाने ७,६०० पेक्षा जास्त बनावट नर्सिंग डिप्लोमे विकले गेले होते आणि २५ जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यातल्या एका शाळेच्या नावात ‘सेक्रेड हार्ट’ होतं. कनेक्टिकटमध्ये फेअरफिल्डला सेक्रेड हार्ट युनिव्हर्सिटी नावाचं जुनं, मान्यताप्राप्त कॅथलिक विद्यापीठ आहे, त्याचा त्या शाळेशी काडीचाही संबंध नाही. नावं अशी सारखी असतात. म्हणून यादीत पाहताना नावासोबत शहर आणि वेबसाइटचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळतो का ते बघा.

कोलंबस, ओहायो : मला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं आहे. आठवड्याला बारा तासांच्या तीन नाइट करते. ऑनलाइन म्हणतात, पण क्लिनिकलचं काय? प्रिसेप्टर (क्लिनिकलच्या तासांत हाताखाली घेऊन शिकवणारी व्यक्ती) आपणच शोधायचा असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. ऑनलाइन फक्त वाचन, लेक्चर आणि लेखन. रुग्ण प्रत्यक्षच तपासायचे असतात. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमात थेट रुग्णसेवेचे किमान ७५० तास लागतात. पूर्वी हा आकडा ५०० होता, त्यामुळे जुन्या मैत्रिणींचा हिशेब तुम्हाला लागू नाही. पंधरा आठवड्यांची तीन सत्रं धरली तर ४५ आठवडे, म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ १७ तास. दवाखान्यातले दोन पूर्ण दिवस, तेही सकाळचे. तीन नाइट, दोन दिवस क्लिनिकल आणि वर अभ्यास हे गणित सलग वर्षभर जमत नाही. क्लिनिकलची सत्रं सुरू होण्याआधी ड्यूटी दोन नाइटवर आणता येते का, हे मॅनेजरशी आत्ताच बोलून ठेवा. स्वतःच्या वॉर्डातली ड्यूटी या तासांत धरत नाहीत.

प्रिसेप्टर शोधून देणारी विद्यापीठं थोडी आहेत. बाकीची ‘मदत करू’ म्हणतात. प्रवेशाआधी नेमका प्रश्न विचारा: जागा मिळाली नाही तर ती देण्याची जबाबदारी तुमची की माझी, आणि सत्र पुढे गेलं तर फीचं काय? उत्तर लेखी घ्या.

शोध क्लिनिकल सुरू होण्याच्या नऊ ते बारा महिने आधी सुरू करावा. प्रिसेप्टर नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टर असावा, लायसन्सवर काही कारवाई नसावी, साधारण एक वर्षाचा तरी अनुभव असावा. तुमच्या शाखेला सगळ्या वयाचे रुग्ण लागतात. एकाच इंटर्निस्टकडे (प्रौढांच्या फिजिशियनकडे) सगळे तास केले तर मुलं आणि बायकांचे तास राहून जातात आणि शेवटच्या सत्रात धावाधाव होते. म्हणून आधी बालरोग आणि स्त्रीरोगाच्या जागा पक्क्या करा, प्रौढांच्या जागा नंतरही मिळतात. कॅथलिक हॉस्पिटलांत अमेरिकेच्या बिशप परिषदेचे नैतिक निर्देश लागू असतात. तिथे गर्भनिरोधनासाठी कॉपर-टी बसवणं किंवा नसबंदी होत नाही. तो भाग शिकायचा असेल तर काही तास वेगळ्या क्लिनिकमध्ये करावे लागतील. विद्यापीठ स्वतः कॅथलिक असेल तर त्याच्या विद्यार्थ्यांना काय करण्याची मुभा आहे, तेही विचारा.

आपले मराठी, गुजराती, दक्षिणी डॉक्टर स्वतःचं क्लिनिक चालवत असतील तर तिथे हो म्हणण्याची शक्यता जास्त. मोठ्या हॉस्पिटल साखळ्या आधी स्वतःच्या करारातल्या विद्यापीठांना जागा देतात. क्लिनिक आणि विद्यापीठ यांच्यात होणाऱ्या कराराला तीन-चार महिने सहज जातात, वकिलाकडे अडकला तर त्याहून जास्त. करारावर दोन्ही सह्या व्हायच्या आधी केलेला एक तासही मोजत नाहीत. डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणून ‘सुरू तर करू’ असं कधीही करू नका.

मग आरोग्याचे कागद. इथे भारतात जन्मलेल्यांची हमखास अडचण होते. लहानपणी बीसीजी घेतलेलं असल्याने टीबीची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, डॉक्टरचं पत्र असं सुरू होतं. पहिल्यापासूनच रक्तावरची इग्रा चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसीचं कार्ड घरी सापडणार नाही, तर टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिकारशक्ती मोजणारी चाचणी, करून घ्या. हेपॅटायटिस बीचं टायटर १० च्या खाली आलं तर पुन्हा डोस आणि पुन्हा चाचणी, त्यात काही महिने जातात. त्यामुळे ही चाचणी सर्वांत आधी. शिवाय अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (प्राथमिक जीवरक्षणाचं प्रमाणपत्र), पार्श्वभूमी तपासणी, लघवीची ड्रग चाचणी. एकाही कागदाची मुदत सत्राच्या मध्यात संपली तर तुम्हाला क्लिनिकलमधून बाहेर काढतात. मुदतीच्या तारखा फोनच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा, एक महिना आधीच्या आठवणीसह.

तास नोंदवायला टायफन किंवा एक्झॅट यांसारखी प्रणाली असते. प्रत्येक रुग्णाचं वय, निदान आणि तुमचा सहभाग त्याच रात्री भरा. आठवडाभराचं साठवलं की आठवत नाही, आणि रुग्णाचं नाव कागदावर टिपून घरी आणणं हा गोपनीयतेचा भंग आहे.

फ्रिस्को, टेक्सास : प्रवेश घेतला आहे. मिस्टरांची बदली सॅन होजेला होण्याची शक्यता आहे. ऑनलाइन कोर्स आहे, म्हणजे काही फरक पडत नाही ना?

पडतो, आणि मोठा. विद्यापीठाला तुम्ही राहता त्या राज्यात शिकवण्याची परवानगी लागते. ‘सारा’ नावाच्या करारामुळे बहुतेक राज्यांत ती आपोआप मिळते, पण कॅलिफोर्निया त्यात नाही. क्लिनिकलसाठी नर्सिंग बोर्डाची अट त्याहून वेगळी. विद्यापीठाच्या वेबसाइटवर ‘स्टेट ऑथरायझेशन’ असं पान असतं, तिथे तुमच्या शाखेसमोर कॅलिफोर्नियाचं नाव आहे का पाहा. एज्युकेशनला हो आणि नर्स प्रॅक्टिशनरला नाही, असंही असतं.

लायसन्सचंही पाहा. टेक्सासचं बहुराज्यीय लायसन्स कॅलिफोर्नियात चालत नाही, कारण ते राज्य नर्सेसच्या लायसन्सच्या आंतरराज्य करारात, म्हणजे कॉम्पॅक्टमध्ये, नाही. तिथलं लायसन्स वेगळं काढताना भारतातल्या कॉलेजचे कागद पुन्हा मागितले जाऊ शकतात. बदली नक्की होईपर्यंत क्लिनिकल नसलेले कोर्स आधी उरकून घ्या.

मिरज : मिशन हॉस्पिटलच्या शाळेतून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी. अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठाचं ऑनलाइन एमएसएन इथूनच करून नर्सिंग कॉलेजात लेक्चरर होता येईल का? घर आणि आजारी सासूबाई सोडून जाता येत नाही.

सिस्टर, स्पष्ट सांगतो: त्या हेतूने हे करू नका. पैसे जातील आणि नोकरी मिळणार नाही.

एक तर जवळजवळ सगळे एमएसएन अभ्यासक्रम प्रवेशासाठी अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू आरएन लायसन्स मागतात. त्यासाठी एनक्लेक्स द्यावी लागते. परीक्षेचं केंद्र मुंबईत आहे, फी २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी आणखी १५०. पण लायसन्स मिळालं तरी क्लिनिकल मिरजेत बसून करण्याची मुभा मिळणं कठीण.

त्याहून मोठी अडचण इकडची. नर्सिंग हा विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. परदेशी पदव्यांना समकक्षता देण्यासाठी यूजीसीने २०२५ मध्ये नवे नियम आणले, त्यांतूनही नर्सिंग वगळलं आहे, कारण तो विषय भारतीय परिचर्या परिषदेच्या अखत्यारीतला. लेक्चररच्या पदासाठी इथे दोन वर्षांचं नियमित एमएस्सी नर्सिंगच विचारतात.

तुमच्यासाठी तीन वाटा दिसतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात एमएस्सी, सांगली-कोल्हापूर भागात घरून जाऊन-येऊन करता येईल असं कॉलेज बघा. ख्रिस्ती वातावरणातच शिकायचं असेल तर वेल्लोर आणि लुधियानाची ख्रिश्चन मेडिकल कॉलेजं आहेत, पण तिथे राहावं लागेल. आयसीयूचा अनुभव असेल तर भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी अभ्यासक्रमही आहे. त्यात काम करतच शिकायचं असतं.

पुढे कधी परदेशी जायचा विचार झालाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मिशन हॉस्पिटलांच्या शाळांतून जीएनएम केलेल्या अनेक सिस्टर्सची परीक्षा राज्याच्या मंडळाने नव्हे, मिड इंडिया बोर्डाने घेतलेली असते. तुमचंही तसं असेल तर जीएनएमची ट्रान्सक्रिप्ट (विषयवार तास आणि गुणांचा कागद) तिथून, पोस्ट बेसिकची विद्यापीठातून आणि नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून, अशी तीन ठिकाणांहून कागद जमवावे लागतात. तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एक हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आणि विवाह प्रमाणपत्र आधी तयार ठेवा. कागद अडतात ते बहुधा इथेच.

डेट्रॉइटजवळून : एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या) आहे. शिकता येईल का? एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा का?

एच-४ वर शिकायला बंदी नाही, पूर्णवेळही शिकता येतं. एफ-१ मात्र संपूर्ण ऑनलाइन कोर्ससाठी मिळत नाही, कारण त्या व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासात सत्राला एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे ३ क्रेडिट, धरला जातो.

तुमची खरी अडचण दुसरी आहे. बऱ्याच शाखा किमान एक वर्षाचा आरएनचा अनुभव मागतात, काही चालू नोकरीही मागतात. वर्क परमिट नसताना तो अनुभव अमेरिकेत मिळणार नाही. भारतातला अनुभव धरता का, हे आधी विचारा. काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय लायसन्सचा अर्ज घेत नाहीत. न्यूयॉर्क घेतं.

अटलांटा : एमएसएन झालं की ग्रीन कार्डची रांग ईबी-३ वरून ईबी-२ (मास्टर्स लागणाऱ्या पदांचा प्रवर्ग) होईल का?

नुसत्या पदवीने होत नाही. प्रवर्ग ठरतो तो ज्या पदासाठी अर्ज आहे त्या पदाला मास्टर्स लागतं का यावर. वॉर्डातल्या आरएनच्या पदाला ते लागत नाही. नर्स प्रॅक्टिशनर किंवा प्राध्यापकाच्या पदावर मालकाने नवा अर्ज केला तर ईबी-२ शक्य आहे. पण भारतात जन्मलेल्यांची रांग दोन्हीकडे लांबच आहे, त्यामुळे केवळ त्यासाठी शिकू नका.

शिकागो : मूळची वसईची. चर्चमध्ये आरोग्य शिबिरं घेते. शिकवण्याची आवड आहे. एज्युकेशन शाखा चांगली की नर्स प्रॅक्टिशनर?

शिकवायचंच असेल तर एज्युकेशन. साधारण ३६ क्रेडिट असतात आणि प्रॅक्टिकमची जागा मिळवणं सोपं जातं. तुमच्याच हॉस्पिटलचा स्टाफ डेव्हलपमेंट विभाग किंवा जवळचं कम्युनिटी कॉलेज चालतं. नंतर एनएलएनची सीएनई, म्हणजे नर्सिंग शिक्षकांची, परीक्षा देता येते.

शाखा निवडताना एक गोष्ट तपासा. प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, प्रगत शारीरिक तपासणी आणि प्रगत फार्माकॉलॉजी हे तीन स्वतंत्र कोर्स त्यात आहेत का? एकत्र करून एकाच कोर्समध्ये बसवलेले असतील तर पुढे नर्स प्रॅक्टिशनरचं प्रमाणपत्र करावंसं वाटल्यावर तिन्ही पुन्हा करावे लागतात. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल आणि तुमचं विद्यापीठ सरकारच्या नर्स फॅकल्टी लोन योजनेत असेल, तर पूर्णवेळ शिकवण्याच्या चार वर्षांत कर्जाचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग माफ होतो. वसईकरांना शिक्षकी पेशाचं महत्त्व सांगायला नको. तुमच्यासारख्या दोन्ही भाषांत समजावू शकणाऱ्या शिक्षिका हव्याच आहेत.

फिलाडेल्फिया : फीचा खरा आकडा कसा काढायचा?

क्रेडिटचा दर गुणिले क्रेडिट, एवढ्यावर थांबू नका. दर ६०० डॉलर आणि क्रेडिट ३६ धरले तर २१,६०० होतात. त्यावर तंत्रज्ञान शुल्क, क्लिनिकल शुल्क, पुस्तकं, पार्श्वभूमी तपासणी, कॅम्पसवर दोन-तीन दिवसांची हजेरी असेल तर विमान आणि हॉटेल. प्रिसेप्टर शोधून देणाऱ्या खाजगी कंपनीकडे जावं लागलं तर तो खर्च वेगळा.

हॉस्पिटलकडून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शैक्षणिक मदत करमुक्त मिळू शकते. त्यामुळे कोर्स दोन कॅलेंडर वर्षांऐवजी तीनमध्ये पसरवला तर मदत तीनदा मिळते. करार वाचा: मदत घेतल्यावर ठरावीक काळ नोकरी सोडता येत नाही, सोडल्यास पैसे परत द्यावे लागतात. सरकारी कर्ज ग्रीन कार्ड असलेल्यांना मिळतं, एच-१बी आणि एच-४ वाल्यांना नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद आहे आणि साध्या पदव्युत्तर अभ्यासाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर ठरली आहे. तुमचा अभ्यासक्रम कोणत्या मर्यादेत धरतात ते आर्थिक मदत कार्यालयाकडून लिहून घ्या.

जर्सी सिटी : नाइट ड्यूटी आणि दोन मुलं. आठवड्याला किती वेळ लागतो? लेखनाची भीती वाटते.

बहुतेक कोर्स आठ आठवड्यांचे. एका क्रेडिटला एकूण ४५ तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे ३ क्रेडिटला १३५ तास, आठवड्याला जवळजवळ १७. एका वेळी एकच कोर्स घ्या.

आठवड्याचा साचा ठरलेला असतो: पहिली चर्चा-नोंद बुधवारच्या आसपास, इतरांना उत्तरं रविवारपर्यंत, पेपर रविवारी रात्री. वेळ विद्यापीठाच्या घड्याळाची. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे तिथली मध्यरात्र म्हणजे तुमच्याकडे हिवाळ्यात पहाटेचे २ आणि उन्हाळ्यात ३. पूर्वेकडच्या विद्यापीठाची मध्यरात्र ती तुमचीच. सुट्टीला भारतात आलात तर ॲरिझोनाची मध्यरात्र इथे दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला होते. ऑगस्टअखेरचं सत्र घेतलं तर गणपती पहिल्याच आठवड्यांत येऊ शकतात आणि दिवाळी शेवटच्या पेपरांवर. वर्षात अनेक सुरुवातीच्या तारखा असतात, त्या पंचांगासोबत ठेवून निवडा.

लेखन एपीएच्या (संदर्भ देण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीच्या) सातव्या आवृत्तीप्रमाणे. सुरुवातीला मार्क जातात ते तीन ठिकाणी: मजकुरात नाव आहे पण शेवटच्या यादीत नाही, पाच वर्षांपेक्षा जुना संशोधन-लेख, आणि वाक्यामागून वाक्य शब्द बदलून उतरवणं. आपल्याकडे नोट्स पाठ करून तशाच लिहायची सवय असते, तिथे ती चोरी ठरते. टर्निटिन या नक्कल शोधणाऱ्या प्रणालीचा जुळणीचा टक्का पाहून घाबरू नका. यादी आणि शीर्षकंही त्यात मोजली जाऊ शकतात, ओळी उघडून कुठे काय जुळलं ते पाहा. लेख मिटून ठेवा, त्यातला मुद्दा मराठीत स्वतःला मोठ्याने सांगा, मग इंग्रजीत लिहा आणि संदर्भ लगेच जोडा. पहिल्या दोन पेपरांचा कच्चा मसुदा विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरला पाठवा. ऑनलाइन विद्यार्थ्यांना ही सोय बहुधा फीमध्येच असते, फक्त अभिप्राय यायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून रविवारचा पेपर बुधवारी रात्री तिकडे गेलेला हवा.